नवरा-बायकोत बोलायची गोष्ट



बोरीकाठच्या आपल्या अमळनेरला मेळावे नवे नाहीत. वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा भरते, २०२४ साली साहित्य संमेलनही इथेच झालं. एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या आजच्या परिषदेचा विषय मात्र आपण घरातसुद्धा कुजबुजत बोलतो. म्हणून स्वागताध्यक्ष या नात्याने तो शब्द मीच आधी माईकवर उच्चारतो : निरोध.

१ एप्रिल २००४ पासून सरकारने एचआयव्हीवरच्या उपचाराच्या, म्हणजे एआरटीच्या गोळ्या मोफत द्यायला सुरुवात केली. त्याआधी रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की घरात सुतक पडायचं. आज तीच माणसं शेती करतात, लग्न करतात, लेकरं वाढवतात. संसार आला म्हणजे शरीरसंबंध आला. हे मोकळेपणी मानल्याशिवाय निरोधाचा सल्ला दटावणीसारखाच वाटत राहणार.

डॉक्टरांना माझी विनंती आहे, चांगली बातमी हातची राखून ठेवू नका. गोळ्या नियमित घेऊन व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, मोजता न येण्याइतकं खाली राहिलं, तर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या ‘पार्टनर’ अभ्यासात एक जण पॉझिटिव्ह असलेली ८८८ जोडपी होती. जोडीदाराकडून झालेली एकही लागण त्यात सापडली नाही.

मग निरोध कशाला? सुरतेला कामावर गेलेल्या माणसाच्या गोळ्या चुकतात. व्हायरल लोडचा कागद हाती यायला वेळ लागतो. गरमी-परमा एआरटीने थांबत नाही, नको असलेलं गरोदरपणही थांबत नाही. दोघंही पॉझिटिव्ह असली तरी गोळ्यांना दाद न देणारा विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो.

माझी खरी काळजी आपल्या बायकांची आहे. सांगलीत ‘संग्राम’ संस्थेचं काम सुरू झालं, आणि धंद्यातल्या बायका एकजुटीने निरोधाशिवाय गिऱ्हाइकाला नकार द्यायला लागल्या. घरच्या बाईच्या पाठीशी अशी एकजूट नसते. तिने निरोध मागितला की नवरा विचारतो, ‘माझ्यावर संशय घेते का?’ पुरुषांनो, तो तिने मागायची वेळ का यावी? एआरटी सेंटरवर गोळ्या घ्याल तेव्हा निरोधाची पाकिटंही तुम्हीच मागून घ्या. आणि ती जपून ठेवा, आपल्याकडचं ऊन ४५ अंशांवर जातं. मोटरसायकलच्या डिक्कीत, पत्र्याखालच्या पेटीत, खिशातल्या पाकिटात निरोध खराब होतो. घरात सावलीच्या जागी ठेवा, वापरण्याआधी तारीख पाहा, आणि खोबरेल तेल लावू नका, त्याने तो फाटतो.

नवरा-बायकोंना समुपदेशकांना एकत्र भेटता यावं म्हणून मागच्या खोल्या मोकळ्या ठेवल्या आहेत. दुपारी भरीत-भाकरी आहे. मांडवात कोणीही मोबाईलवर फोटो काढू नये. संमतीवाचून कुणाची एचआयव्हीची माहिती उघड करायला २०१७ च्या कायद्याने मनाई आहे, आणि आलेल्या प्रत्येकाला मी तसा शब्द दिला आहे. आपणा सर्वांचं अमळनेरात मनापासून स्वागत.