सही करणारा खरंच सीए आहे का?

मंडळी, “आमचे हिशेब सीएने तपासलेत,” असं सांगून कुणी ठेव मागितली, तर अहवाल मागून घ्या. नुसती पाटी लावून कुणी सीए होत नाही. इंटरमीजिएट आणि फायनल परीक्षा, शिवाय आर्टिकलशिप पार पडल्यावरच १९४९च्या कायद्याने स्थापन झालेली आयसीएआय ही संस्था सभासदत्व देते.

अहवालावर सहीजवळ यूडीआयएन शोधा. हा १८ अंक-अक्षरांचा क्रमांक २०१९पासून बंधनकारक आहे. आयसीएआयच्या यूडीआयएन पोर्टलवर तो तुम्ही स्वतः पडताळू शकता.

क्रमांक जुळला, म्हणजे अहवालाची नोंद सापडली. ठेव सुरक्षित आहे, असं नव्हे. म्हणून लेखापरीक्षकाचे शेरेही वाचा. पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेसारखं पाच लाखांचं विमा संरक्षण नसतं. कष्टाचा पैसा आहे. विचारायला संकोच कसला?