पाळणे घटले, गर्दी वाढली

(कान्हे, ता. मावळ येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



लोकसंख्या म्हटले की आपल्या मनात प्रथम 'विस्फोट' हाच शब्द येतो. आमच्या पिढीने दवाखान्याच्या भिंतीवरचा लाल त्रिकोण पाहतच शाळा केली. १९५२ साली कुटुंबनियोजनाचा शासकीय कार्यक्रम हाती घेणारा भारत हा जगातील पहिला देश. त्याच्याही तीन दशके आधी, १९२१मध्ये, र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले होते. ती चिंता त्या काळी रास्तच होती. पण आजची चिंता तीच आहे काय?

पिढी स्थिर राहण्यासाठी एका स्त्रीमागे सरासरी २.१ अपत्ये लागतात. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हा दर देशात २.०, तर महाराष्ट्रात १.७ निघाला. तरीही देशाची एकूण संख्या वाढते आहे, कारण कालच्या मोठ्या पिढ्या आज संततीच्या वयात आहेत. ही वाढ पुढे मंदावत जाणार, हे उघड आहे.

आपल्या बैठकांत हमखास विचारला जाणारा प्रश्नही टाळता कामा नये. १९९२-९३च्या सर्वेक्षणात हिंदूंचा जननदर ३.३० व मुसलमानांचा ४.४१ होता, २०१९-२१मध्ये तो अनुक्रमे १.९४ व २.३६ झाला. अंतर आजही आहे, परंतु ते झपाट्याने कमी होत आहे. मुली शिकल्या की प्रत्येक समाजात हा दर खाली येतो, असा अनुभव आहे. कार्यकर्त्याने जागरूक जरूर असावे. मात्र ती जागरूकता वस्तुस्थितीवर उभी असावी. ऐकीव आकड्यांच्या भीतीवर उभारलेले काम टिकत नाही.

मग आपल्या डोळ्यांसमोर वाढणारी ही गर्दी कोठली? २००१ ते २०११ या दशकात पुणे जिल्हा ७२ लाखांवरून ९४ लाखांवर गेला. त्याच दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे पाच टक्क्यांनी व सिंधुदुर्गाची दोन टक्क्यांनी घटली. सह्याद्रीच्या एका अंगाला घरांना कुलपे लागली, दुसऱ्या अंगाला खोल्या अपुऱ्या पडल्या. आपल्या मावळातही हेच दिसते. तळेगाव-चाकणच्या कारखान्यांसाठी मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून तरुण येतात, भाड्याच्या खोल्यांत राहतात, पहाटेची लोकल गाठतात. त्यांचे आईवडील मात्र मागे गावी एकटे असतात.

या बदलात तीन कामे आपल्या वाट्याला येतात.

पहिले काम मुलीचे. गर्भलिंग निदानाविरुद्ध १९८८मध्ये देशात सर्वप्रथम कायदा केला तो महाराष्ट्राने. तरीही सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१मध्ये ९१३ होती, ती २०११मध्ये ८९४ झाली. बीडमध्ये तर ८०७. हा अपराध दवाखान्यात घडत असला तरी त्याचा निर्णय सुशिक्षित घरांतच होतो. देवीपुढे हात जोडणाऱ्या समाजाला हे शोभते काय?

दुसरे काम वृद्धांचे. २०११मध्येच राज्यातील दर दहा माणसांत एक साठीपुढचा होता. एकुलत्या मुलाने आईवडील आणि सासूसासरे अशा चौघांना एकट्याने सांभाळावे, ही अपेक्षा यापुढे पुरी होणार नाही. शेजाराने, वाडीने आणि मंडळाने त्यात हातभार लावावाच लागेल.

तिसरे काम नव्याने आलेल्यांचे. त्यांची मुले आपल्या गावच्या मराठी शाळेत बसली, सणावाराला आपल्या अंगणात आली, तर दहा वर्षांत ती इथलीच होतील. त्यांना परके ठेवले, तर ती परकीच राहतील.

२०२१ची जनगणना लांबणीवर पडली. नव्या गणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिन अधिसूचित झालेला आहे. प्रगणक दाराशी येऊन डोकी मोजून जाईल. त्या घरात मुलगी हवीशी आहे का, म्हातारी माणसे एकटी आहेत का, शेजारच्या खोलीतल्या कुटुंबाशी कोणी बोलते का, याची नोंद त्याच्या तक्त्यात असणार नाही. ती आपणच ठेवायची आहे, आणि त्यासाठी २०२७ची वाट पाहण्याचे कारण नाही.