तीन बोटांचे माप



आम्ही डॉक्टर नव्हे. आमचे शिक्षण वाचनालयात आणि कामगारांच्या सभांत झाले. आयुष्यभर आम्ही कामगारांना एकच सांगत आलो, "बाबांनो, तोंड उघडा!" लातूरच्या आडत बाजारातला आमचा एक हमाल पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी गेला. भूलतज्ज्ञांनीही त्याला तेच सांगितले, आणि त्याचे तोंड उघडेना. निरोगी माणसाच्या तोंडात त्याचीच तीन बोटे एकावर एक मावतात. याचे एकही धड जाईना. वीस वर्षांची सुपारी आणि गुटखा!

या रोगात गालांचे आतले अस्तर ताठर होत जाते. मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ साली त्याचे वर्णन केले होते.

पूर्ण भूल दिली की श्वास सांभाळण्यासाठी अनेकदा श्वासनळीत नळी घालावी लागते. ती जाईना आणि वाराही देता येईना, तर हाती काही मिनिटेच उरतात. मॅकिंटॉश यांनी १९४३ साली जीभ उचलणारे वाकडे पाते काढले. ब्रेन यांनी १९८३ साली घशात बसणारा मुखवटा जगापुढे मांडला. साधने उत्तम, पण दोन्ही धरून चालतात की तोंड उघडते.

तोंड बंद असेल तर वाट नाकाची. रोगी जागा ठेवून, नाक व घसा बधिर करून, बारीक लवचिक दुर्बिणीवरून नळी सरकवतात. १९६७ साली मर्फी यांनी अशी दुर्बीण प्रथम वापरली. आमच्या हमालाला याच वाटेने नळी घातली. पण जवळच्या रुग्णालयात दुर्बीण नव्हती. पोट धरून कळवळणाऱ्या त्या माणसाला रातोरात दुसऱ्या शहरी न्यावे लागले. तो वाचला. प्रत्येकाला तेवढी रात्र मिळेलच असे नाही.

म्हणून साधने घडवणाऱ्यांना आमचे सांगणे आहे: माप आधी आमच्या हमालाच्या तोंडाचे घ्या. साधन तिथे शिरेल असे, वीज गेली तरी चालेल असे आणि जिल्ह्याच्या रुग्णालयाला परवडेल असे करा. दुर्बीण ही चैन नव्हे; हमालाच्या जिवाची ती किंमत आहे.

आणि नांदेडकरांनो, राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तरी पुड्या मिळतातच. आज घरी गेल्यावर आपली तीन बोटे तोंडात घालून पाहा. मुलांनाही पाहायला सांगा. मावली नाहीत तर पुडी टाका आणि डॉक्टरांकडे जा. शस्त्रक्रियेची वेळ आलीच, तर भूलतज्ज्ञांना ही गोष्ट आधी सांगा. हक्कासाठी उघडायचे तोंड निदान उघडते तरी राहू द्या.