ऑर्किडला माती नको, खतही बेतानेच



सातपुड्याच्या पायथ्याशी ज्यांचे शेत आहे, त्यांनी बांधावरचा जुना आंबा किंवा मोह एकदा नीट न्याहाळावा. एखाद्या फांदीवर पट्टीसारखी जाड पाने आणि दोरीसारखी पांढरट मुळे दिसतील. पुष्कळ जण हे बांडगूळ समजून कोयत्याने खरवडून टाकतात. पण हे आपल्याकडचे रानटी ऑर्किड, म्हणजे आमरी. शास्त्रीय नाव व्हँडा टेसेलाटा.

दोहोंतला फरक सोपा आहे. बांडगूळ फांदीत मूळ घालून झाडाचा रस पिते आणि तिथे गाठ येते. ते गाठीच्या खालून फांदीसह कापावे. ऑर्किडची मुळे सालीवर नुसती पसरतात. पाऊस, दव आणि सालीवरचा काडीकचरा यांवर ते जगते, झाडाचे काही घेत नाही. त्याला राहू द्या. यावल अभयारण्यासारख्या ठिकाणाहून तर ते मुळीच आणू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.

हौस असेल तर रोपवाटिकेतून संकरित रोप घ्या. डेंड्रोबियम जातीतले 'सोनिया' हे जांभळ्या-पांढऱ्या फुलांचे संकरित वाण नवशिक्याला बरे. ऑर्किडचे बी धुळीसारखे बारीक असते, त्यात अन्नसाठा नसतो. त्यामुळे ते शेतात पेरून उगवत नाही. आपल्या केळीसारखीच याची रोपेही टिश्यू कल्चरने तयार करतात. पुढे जुन्या दांड्यावर पिल्लू फुटते. त्याला दोन-तीन बोटे मुळे आली की वेगळे करून लावा. संकरित कपाशीचे घरचे बी बिघडते, तसे इथे होत नाही. पिल्लू आईसारखेच फुलते.

आता माझीच चूक सांगतो. शेतकीचा पदवीधर असूनही मी पहिले रोप काळी माती आणि शेणखत घालून लावले. महिनाभरात मुळे सडली. या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. म्हणून कुंडी भोकांची घ्या. तीत नारळाच्या सोडणाचे तुकडे, लाकडी कोळसा आणि विटांचे खडे भरा. माती चिमूटभरही नको.

खानदेशात खरी परीक्षा मे महिन्यात. पारा ४२ ते ४५ अंशांवर जातो, हवा कोरडी असते. रोप पडवीत, आंब्याच्या सावलीत किंवा ७५ टक्के सावलीच्या जाळीखाली ठेवा. पश्चिमेकडून ओले गोणपाट टांगा. सकाळी पाणी द्या, दुपारी नुसता फवारा मारा. पौष-माघाच्या थंडीत रोप आडोशाला घ्या आणि पाणी कमी करा.

विहिरीचे किंवा बोअरचे पाणी खारट असेल, तर पानांची टोके जळतात आणि कुंडीवर पांढरा थर धरतो. अशा वेळी छपरावरचे पावसाचे पाणी टाकीत साठवून तेच वापरा.

खताविषयी एकच ध्यानात ठेवा : थोडे, पातळ आणि वेळेवर. नवी फूट चालू असताना १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला १ ग्रॅम, आठवड्यातून एकदा, पाने व मुळे भिजतील असे फवारा. दांडा पूर्ण वाढला की एक-दोन वेळा त्याऐवजी १३:०:४५ त्याच प्रमाणात द्या. मुळे कोरडी असताना खत देऊ नका, आधी साधे पाणी द्या. महिन्यातून एकदा भरपूर साध्या पाण्याने कुंडी धुऊन काढा, म्हणजे साचलेले क्षार निघून जातील. थंडीत खत बंद.

शेवटी पैशाची गोष्ट. ऑर्किडचे देशातील राष्ट्रीय संशोधन केंद्र १९९६ साली सिक्कीममध्ये पाक्योंग येथे निघाले, कारण तिथली हवा या पिकाला मानवते. आपली हवा तशी नाही. तेव्हा कोणी भरघोस नफ्याचे आकडे दाखवले, तरी कर्ज काढून एकदम जाळीगृह उभारू नका. आधी १० कुंड्या दोन उन्हाळे जगवून दाखवा, फुले कोण घेतो आणि काय भावाने घेतो ते बाजारात जाऊन विचारा, मगच हिशेब मांडा. तोवर अंगणातली शोभा हाच नफा समजा.

आणि हो, बांधावरच्या त्या आंब्याकडे जाताना कोयता घरीच ठेवा.