निदान नको, अडचण विचारा

(कंधार येथे आरोग्य व समुपदेशनाच्या क्षेत्रातील स्त्री कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



पेशंटच्या हक्कांबद्दल आपण नेहमी बोलतो. आज मला पेशंटसाठी राबणाऱ्या बाईबद्दल बोलायचं आहे.

राज्याची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. त्यातलं एकही मराठवाड्यात नाही. त्यामुळे कंधार-लोह्याकडच्या खेड्यात खचलेल्या माणसाच्या दारात पहिल्यांदा पोचते ती आशाताई, नर्सबाई, नाहीतर एखाद्या संस्थेची समुपदेशक. शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी २०१५ साली प्रेरणा प्रकल्प आला, तेव्हाही घरोघर जाऊन प्रश्नावली भरायचं काम आशांच्याच वाट्याला आलं.

या बायकांपैकी काहींच्या मेंदूची घडण चारचौघींपेक्षा वेगळी असते. कुणाला डिस्लेक्सिया असतो. ती बोलते छान, पण लिहायला बसली की अक्षरं उलटसुलट होतात. कुणाला एडीएचडी असतो. धावपळीच्या प्रसंगात ती सगळ्यांच्या पुढे, पण वेळ आणि कागद सांभाळताना तारांबळ. कुणी स्वमग्न असते. तिला गोंगाट सोसत नाही, आडून बोललेलं कळत नाही, पण ठरलेली गोष्ट ती कधी चुकवत नाही. अशा माणसांसाठी हल्ली 'न्यूरोडायव्हर्जंट' हा शब्द वापरतात.

बहुतेकींना हे स्वतःबद्दल माहीतच नसतं. लिओ कॅनर या डॉक्टरने १९४३ साली स्वमग्नतेचं सविस्तर वर्णन केलं, त्यातल्या ११ मुलांत ८ मुलगे होते आणि ३ मुली. पुढेही मुलगे पाहूनच लक्षणं ठरत गेली. गप्प राहणारी मुलगी आपल्याकडे 'गुणाची' ठरते, विसरणारी सून 'वेंधळी'. डॉक्टरकडे न्यावं असं कुणाला वाटतच नाही. शिव्या खात, स्वतःला सावरत ती मोठी होते आणि एक दिवस आपल्याच संस्थेत कामाला लागते.

तिथे काय होतं? मासिक सभेत दहा सूचना एका दमात तोंडी सांगितल्या जातात. त्यातल्या चार तिच्या हातून सुटतात. मग सगळ्यांसमोर बोलणी. प्रशिक्षणात सक्तीचं नाट्य करायला लावतात, ती थिजते. शेरा पडतो, 'संवादकौशल्य कमी'. वस्तीवर मात्र बायका तिच्याजवळच मन मोकळं करतात, कारण ती मधे बोलत नाही. हे कुठल्याच तक्त्यात येत नाही. वर्षअखेरीस मानधन थांबतं आणि काम गेल्याचं कारण 'अहवाल अपूर्ण' एवढंच लिहिलं जातं.

आपल्या क्षेत्रात आणखी एक धोका आहे. आपल्याला लक्षणं ओळखायची सवय. सहकारीण जरा वेगळी वागली की आपण मनात तिचा केसपेपर काढतो. 'हिला काहीतरी आहे' अशी कुजबुज सुरू होते. हा तिच्यावर अन्यायच आहे. पर्यवेक्षिकेने सहकारणीचं निदान करू नये. तिचं काम एकच प्रश्न विचारायचं: 'ताई, या कामात तुम्हाला काय अवघड जातं, आणि काय केलं तर सोपं होईल?' निदान सांगायचं की नाही, हे तिने ठरवायचं. सांगितलं तर ते दोघींतच राहिलं पाहिजे.

उत्तरं बहुधा साधी असतात. सभेनंतर कामांची छोटी यादी, प्रत्येक कामापुढे तारीख. लिहिणं जड जाणारीला तोंडी अहवाल द्यायची मुभा, किंवा फोनवर बोलून मजकूर उमटवायची सोय. मात्र पेशंटचं नाव गटावर जाता कामा नये. आठवड्याचा एक ठरलेला वार आणि वेळ फक्त तिच्याशी बोलण्यासाठी. दौरा बदलणार असेल तर आदल्या दिवशी निरोप. चूक सांगायची ती एकटीला आणि नेमकी. 'नीट काम करा' म्हटल्याने काही कळत नाही. 'या तीन गृहभेटींत पुढची तारीख लिहिलेली नाही' म्हटलं की कळतं.

कुणी म्हणेल, हे लाड झाले, कामात ढिलाई येईल. उलट आहे. एखाद्या घरात कुणी जीव द्यायची भाषा केली, तर ते त्याच दिवशी वरपर्यंत पोचलंच पाहिजे. त्यात कुणालाही सूट नाही. म्हणूनच ते कसं पोचवायचं, याचा तिला जमेल असा मार्ग आधीच ठरलेला हवा. तिच्या मदतीचा बोजा दुसऱ्या एखाद्या बाईवर फुकट टाकायचा नाही, हेही लक्षात ठेवा. यादी आणि ठरलेली वेळ सगळ्यांनाच दिली, तर कुणाला हेवा वाटत नाही आणि कुणी वेगळी पडत नाही.

आता कायद्याबद्दल. १९९५ च्या अपंगत्व कायद्यात सात प्रकार होते. स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता त्यात नव्हत्या. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आले, त्यात या दोन्ही आहेत. कलम २० प्रमाणे सरकारी आस्थापनेने अपंग कर्मचाऱ्याला वाजवी सोयी द्यायच्या आहेत. कलम २१ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने समान संधीचं धोरण जाहीर करायचं आहे. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात सांगितलं, की वर्तनामागे मानसिक अपंगत्वाचा वाटा असताना शिस्तभंगाची कारवाई सुरू करणं हा अप्रत्यक्ष भेदभाव आहे.

पण कायद्याचा हात सगळ्यांपर्यंत पोचत नाही. एडीएचडीचं नाव त्या यादीत स्वतंत्रपणे नाही. आरक्षणासारख्या लाभांना किमान ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं, आणि त्यासाठी खेड्यातल्या बाईने मजुरी बुडवून किती खेटे घालायचे? आशाताई तर 'स्वयंसेविका'. कामागणिक मोबदला घेणारी, कर्मचारी म्हणून मान्यच नसलेली. म्हणजे जिला सोयीची सर्वांत जास्त गरज, तिलाच ती मागायचा आधार सर्वांत कमी. म्हणून प्रमाणपत्राची वाट पाहू नका. विचारणं आणि लिहून देणं, याला कुठलाच कागद लागत नाही.

ज्या गटप्रवर्तक, पर्यवेक्षिका, संस्थाचालक इथे बसल्या आहेत, त्यांना माझी विनंती आहे. पुढच्या मासिक सभेआधी प्रत्येकीशी दहा मिनिटं एकटीने बोला आणि तो एक प्रश्न विचारा. जे ठरेल ते दोघींच्या वहीत लिहा. तीन महिन्यांनी ते पुन्हा तपासा. आणि एखादीचं मानधन थांबवण्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी ती वही उघडून बघा: ठरलेल्या सोयी आपण दिल्या होत्या का?