झिजलेल्या टायरची वाट



आज एका अगदी साध्या वस्तूविषयी बोलायचे आहे. गोठ्यामागे, विहिरीच्या कडेला, पंक्चरवाल्याच्या दुकानापाठी ती पडलेली असते. घरावरचा पत्रा वाऱ्याने उडू नये म्हणून आपणच ती वर नेऊन ठेवतो. ती वस्तू म्हणजे झिजलेला टायर.

तुम्ही म्हणाल, यात बोलण्यासारखे काय आहे? जुन्या टायरचे काय करायचे हे आम्हांला ठाऊक आहे. खरेच आहे ते. टायरचा तळ लावलेली चप्पल आपण वर्षानुवर्षे वापरली. ट्यूबच्या पट्ट्या कापून ओझी बांधली. पोरांनी काठीने टायर हाकत गावभर पळवले. काटकसर आपल्याला कुणी शिकवायला नको. पण पूर्वी गावात चार सायकली असत. आज दारोदार मोटारसायकल आहे, शिवारात ट्रॅक्टर आहे, कारखान्याच्या वाटेवर उसाच्या टायरगाड्या आहेत. इतक्या टायरांच्या चपला तरी किती करणार? उरलेला टायर पडून राहतो, आणि पडलेला टायर कुजत नाही.

का कुजत नाही, ते आधी समजून घेऊ. झाडाच्या चिकापासून केलेले कच्चे रबर उन्हाने चिकट होते आणि थंडीने ठिसूळ बनते. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन माणसाला १८३९ साली असे आढळले की, हे रबर गंधकाबरोबर तापवले म्हणजे ते चिवट आणि टिकाऊ होते. गंधक रबराच्या धाग्यांसारख्या लांब रेणूंना जागोजाग सांधून टाकतो. गूळ तापवला की पुन्हा पातळ होतो. पण भाजलेल्या भाकरीचे पुन्हा पीठ होत नाही. टायरची गोष्ट भाकरीसारखी आहे. त्यात काजळी, पोलादी तारा आणि धागेही घातलेले असतात. म्हणून जुन्या लोखंडासारखा तो नुसता वितळवून नवा ओतता येत नाही.

आता या पडून राहिलेल्या टायरला दोन गोष्टी भेटतात. एक पाणी, दुसरी आग. दोन्ही वाईट.

पाण्याचे पाहा. टायर उभा ठेवा की आडवा, त्याच्या पोकळीत पावसाचे पाणी साचतेच. तिथे सावली असते, पालापाचोळा पडतो. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाच्या मादीला अशीच जागा हवी असते. ती पाण्याच्या काठालगत ओलसर रबरावर अंडी घालते. ही अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात आणि पाणी मिळाले की त्यांतून अळ्या निघतात. अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असे आरोग्यसेवक सांगतात. पण ध्यानात ठेवा, टायरमधले नुसते पाणी ओतून भागत नाही; आतली बाजू घासायला हवी, नाहीतर अंडी तिथेच राहतात. ही अंडी किती दूर जातात? अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात १९८५ साली आशियातील एका एडिस डासाची वस्ती सापडली. तो जुन्या टायरांच्या मालाबरोबर समुद्र ओलांडून आला, असा निष्कर्ष शास्त्रज्ञांनी काढला.

आता आगीचे. थंडीत शेकायला, होळीत, कुठे भट्टीच्या तोंडाशी टायर टाकला जातो. चांगला जळतो, हे खरे. पण त्या काळ्या धुरात काजळी, गंधकाचा वायू आणि बेंझिनसारखी विषारी द्रव्ये असतात. लहान मुले आणि दम्याचे रोगी यांना तो धूर फार बाधतो. शिवाय जळत्या टायरातून तेल गळते आणि जमिनीत मुरते. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात हॅगर्सव्हिल या गावाजवळ १९९० साली टायरांच्या साठ्याला आग लागली, ती विझवायला सतरा दिवस लागले. तेव्हा होळीत लाकूड, गोवऱ्या घाला, टायर नको.

मग टायरची योग्य वाट कोणती? पहिली वाट म्हणजे तो टिकवणे. हवा नेमकी ठेवा, आणि सांगाडा शाबूत असलेला ट्रकचा टायर रिमोल्ड करून घ्या. वरचा पट्टा तेवढा नवा बसतो, बाकीचा टायर तोच राहतो.

दुसरी वाट कारखान्याची. तिथे टायरचे तुकडे करतात, लोहचुंबकाने तारा वेगळ्या काढतात आणि रबराचा चुरा करतात. हा चुरा डांबरात मिसळून रस्त्याला वापरतात. उष्णता आणि रसायने यांच्या साहाय्याने गंधकाची पकड सैल करून रबर पुन्हा मळण्याजोगेही करतात. ते नव्या मालात काही प्रमाणात घालता येते. टायर बंद भांड्यात हवेशिवाय तापवून तेल काढण्याचाही धंदा आहे. पण तो निष्काळजीपणे चालवला तर धूर होतो, आणि स्फोट होऊन मजूर दगावल्याच्या घटना घडलेल्या आहेत. म्हणून टायर कुणाच्याही हाती द्यायचा नाही.

याबाबत केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये नियम केले. टायर बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर जुन्या टायरांची जबाबदारी आली. पहिल्या वर्षी ३५ टक्के, दुसऱ्या वर्षी ७० टक्के आणि २०२४-२५ पासून पुरे १०० टक्के, असे प्रमाण ठरले. कंपन्या नोंदणीकृत कारखान्यांकडून प्रमाणपत्रे घेऊन हा हिशेब पुरा करतात. नियम चांगला आहे. पण हिशेब कारखान्याच्या दारात सुरू होतो, आणि तुमचा टायर आहे गोठ्यामागे. मधली वाट कोणी चालायची?

टायर नेण्यात खरी अडचण अशी, की ट्रक भरला तरी त्यात निम्मी पोकळीच असते. एका गावाच्या मालाला भाडे परवडत नाही. कॅनडाच्याच ब्रिटिश कोलंबिया प्रांताने १९९१ पासून यावर एक तोड काढली. नवा टायर घेताना गिऱ्हाईक थोडी रक्कम जास्त देते आणि त्या निधीतून जुने टायर वाहून नेणाऱ्यांना पैसे मिळतात. अंतर लांबचे असेल तर मोबदला जास्त, म्हणजे आडगावचा माल मागे राहत नाही. सायकलचे टायर आणि ट्यूबही तिथली अनेक सायकल दुकाने फुकट घेतात.

असा निधी आपल्या गावापाशी नाही. पण पाच-दहा गावांनी मिळून एक फेरी भरवणे आपल्या हातात आहे. ग्रामपंचायतीने छपराखालची एक जागा ठरवावी. पंक्चरवाला, गॅरेजवाला, टायरगाडीवाले यांना सांगावे. उचलणाऱ्या व्यापाऱ्याला विचारावे : माल कुठे जाणार? कारखाना नोंदलेला आहे का? विचारायला संकोच कसला?

शिक्षक मित्रांनो, तुमच्यासाठी एक काम आहे. मुलांकडून गावातले टायर मोजून घ्या. किती कोरडे, किती पाण्याचे, किती अळ्यांचे, असा तक्ता फळ्यावर मांडा. ग्रामसभेत तो मुलांनाच वाचू द्या. मात्र टायर कापायला मुलांना देऊ नका, आतल्या तारा हात फाडतात. शाळेच्या बागेत टायर रंगवून कुंड्या किंवा झोके केले असतील, तर त्यांना खाली भोके पाडा. नाहीतर शाळेतच डासांचा वर्ग भरायचा!

आणि हे सारे मृगाचा पाऊस लागण्यापूर्वी करा. पावसानंतर मोजाल, तर टायरांबरोबर तापाचे रोगीही मोजावे लागतील.