‘बाथरूममध्ये पडल्या’ असे लिहिण्यापूर्वी

(वृद्धाश्रमचालक व सेवकांच्या परिषदेतील स्वागताध्यक्षीय भाषण)

राज्यभरातून आलेले संस्थाचालक, परिचारिका, मावशी आणि मामा,

स्वागत समितीच्या वतीने आपले पुण्यात मनःपूर्वक स्वागत. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून एकोणिसाव्या शतकात सुरू झालेला ‘निवारा’ हा वृद्धाश्रम याच गावातला. रात्रपाळी करून थेट एसटीत बसलेली मंडळीही इथे दिसतात. त्यांनी मागच्या रांगेत खुशाल डुलकी काढावी, स्वागताध्यक्षाची हरकत नाही.

यंदाचा विषय ठरला तेव्हा काहींनी नाके मुरडली. म्हाताऱ्यांच्या भांडणांवर कसली परिषद? टीव्हीचा रिमोट, खिडकीजवळची कॉट, हरवलेली कवळी यांवरून कुरबुरी चालायच्याच. पण मुद्दा त्यापुढचा आहे.

दिवस मावळला की डिमेन्शिया असलेल्या एखाद्या आजी ‘घरी जाते’ म्हणून उठतात, शेजारच्या खोलीत शिरतात आणि तिथली पिशवी आपलीच समजून उचकू लागतात. कॉटवरच्या आजींना वाटते, चोर शिरला. काठी हाताशी असतेच. नेमकी पाळी बदलत असते. एक मावशी निघालेल्या, दुसऱ्या अजून फाटकात. मनगट मोडते. नोंदवहीत ओळ पडते, ‘बाथरूममध्ये पडल्या’. मुलालाही फोनवर तेच सांगितले जाते.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या १० नर्सिंग होममधल्या २,०११ रहिवाशांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. चार आठवड्यांत पाचातला एक जण अशा प्रसंगात सापडला होता. शिवीगाळ सर्वाधिक, पण मारहाणही होतीच. ऑस्ट्रेलियात मारणाऱ्याला स्मृतिभ्रंश असेल, तर ती मारहाण सरकारला कळवण्यातून वृद्धाश्रमांना पूर्वी सूट मिळे. एप्रिल २०२१ पासून ती सूट गेली. आपल्या २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचा मुख्य रोख मुलांनी आईवडिलांना सांभाळावे यावर आहे. शेजारच्या कॉटवरून होणाऱ्या इजेचा विचार त्यात नाही. तो आपल्यालाच करावा लागेल.

काठी उगारणाऱ्या आजींवर आपण ‘भांडकुदळ’ असा शिक्का मारतो. मग गुंगीची गोळी, नाहीतर मुलाला निरोप, ‘घेऊन जा’. म्हणजे तोच प्रश्न दुसऱ्या वृद्धाश्रमाच्या दारात. लघवीला जळजळ होत होती का, पोट साफ होते का, गुडघा ठणकत होता का, श्रवणयंत्राचा सेल संपला होता का, हे कोणी पाहिलेले नसते. दारावर नावाच्या पाटीऐवजी आजींचा तरुणपणीचा फोटो लावला, संध्याकाळी दिवे लवकर लावले आणि पाळीबदल सहाऐवजी चारला केला, तर निम्मी डोकेदुखी टळेल असे माझे मत आहे. खर्चही फारसा नाही.

मात्र एक सांगतो. मारणाऱ्या आजी आजारी आहेत, म्हणून मार खाणाऱ्या आजींचे मनगट कमी दुखत नाही. दोष कोणाचाच नसेल, तर जबाबदारी सगळी आपली. खरी नोंद केली तर बदनामी होईल, ही चालकांची भीती मला समजते. पण ‘पडल्या’ असे लिहिले की पुढच्या वेळी आपण बाथरूमची फरशी बदलतो आणि कॉट तिथेच राहते.

तेव्हा दुपारच्या गटचर्चेत आपापल्या नोंदवह्या काढा. नावे झाका. ‘पडल्या’ असे जिथे लिहिले आहे, तिथली वेळ, पाळीवरची माणसे आणि शेजारची कॉट तपासा. आणि चालकांना विनंती, आधी मावशींना बोलू द्या.